टाकलं म्हणजे कुठे?

मधुकर भोईर सरांची आणि माझी ओळख एका संपलेल्या रिफिलमुळे झाली. ठाण्याच्या शाळेत चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, तो पहिलाच दिवस. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. शिक्षकांच्या खोलीत मस्टरवर सही करतानाच रिफिल संपली. मी ती पेनातून काढली आणि हात लांब करून खिडकीबाहेर सोडली. खिडकीशी एक हाडकुळे, सावळे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली केला.

"काय केलंत?"

"रिफिल टाकली. संपली होती."

"टाकली म्हणजे कुठे?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

मी वाकून पाहिलं. खाली शाळेमागचा नाला वाहत होता. "नाल्यात," मी म्हटलं.

"नाला खाडीत जातो. खाडी समुद्रात जाते. समुद्र कुठे जात नाही, तो असतो तिथेच असतो. तेव्हा तुम्ही रिफिल टाकली नाहीत, बाई. समुद्रात नेऊन ठेवलीत. शब्द नीट वापरत चला." एवढं बोलून त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

माझे कान लाल झाले. शेजारच्या बाईंनी दबक्या आवाजात सांगितलं, "लक्ष नका देऊ. ते सगळ्यांनाच असं बोलतात." ते खरं होतं. शाळेत 'टाकलं' हा शब्द भोईर सरांच्या कानावर पडेल असा कुणी उच्चारत नसे. मुख्याध्यापक तर "जुनी बाकं काढून टाकली" म्हणायच्या ऐवजी "बाकांची व्यवस्था लावली" म्हणत, आणि मग सर विचारत, "कोणती व्यवस्था?"

सर बाळकुमचे. कोळ्यांच्या घरातले. त्यांच्या घरात मॅट्रिक झालेले ते पहिले, आणि बी. एस्सी. झालेले तर त्या आळीत पहिले. आमच्याशी बोलताना पुस्तकात छापावी अशी मराठी बोलत. इतकी शुद्ध, की ऐकताना आपल्याच बोलण्याची लाज वाटावी. पांढरा बुशशर्ट, गुडघ्याला चकाकी आलेली पँट, आणि खिशात पंचांग. हो, पंचांग. देव मानत नसत, सत्यनारायणाचा प्रसाद आला की "शिरा चांगला झालाय" एवढंच म्हणत. पण तारीख विचारली तर तिथी सांगत. "आज अष्टमी, पाणी मंद असणार," असं काहीतरी. संस्कृतच्या जोशी सरांनी एकदा त्यांना यावरून डिवचलं, तर म्हणाले, "पंचांग मुळात पाण्याचं आहे. तुम्ही उसनं नेलंत ते परत करायचं राहिलं."

प्रयोगशाळेत त्यांचं एक कपाट होतं. विज्ञानाच्या कपाटात असतं तसलं काही त्यात नव्हतं. त्यात चपला होत्या. रबरी, ओळीने मांडलेल्या, आणि सगळ्या डाव्या पायाच्या. बाहुल्यांचे हात होते, दात घासायचे ब्रश होते, नायलॉनच्या दोऱ्यांचे गुंते होते. सॉसची एक बाटली होती आणि तिच्यात एक वाळलेली चिंबोरी. चिंबोरी बाटलीच्या तोंडापेक्षा मोठी होती. लहान असताना आत शिरली, आत मिळालं ते खाऊन वाढली आणि मग बाहेर येता येईना. हे सगळं त्यांच्या थोरल्या भावाच्या जाळ्यात बाळकुमच्या खाडीत सापडलेलं.

"डाव्याच पायाच्या का, सर?" मी विचारलं.

"उजव्या पायाच्या पलीकडे काशेलीला लागतात. धार आकार बघून वाटणी करते. तुमच्यापेक्षा तिला नीटनेटकेपणा जास्त आहे."

माझं अक्षर चांगलं, म्हणून कपाटातल्या वस्तूंची लेबलं लिहायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईने तीन ओळी. वस्तू काय, कोणत्या तिथीच्या ओहोटीला मिळाली, आणि मालक कोण. मालक शोधण्यावर त्यांचा फार जीव. औषधाच्या बाटलीवर दवाखान्याची चिठ्ठी, लग्नाच्या पत्रिकेवर नाव, मिठाईच्या खोक्यावर दुकान. काहीतरी धागा मिळायचाच. मग ते रविवारी सायकल काढून त्या माणसाकडे जात, वस्तू त्याच्या हातात देत आणि म्हणत, "आपली ही वस्तू आमच्या घरी आली होती." लोक ओशाळत, चिडत, एकाने तर अंगावर कुत्रं सोडलं. त्या वस्तूच्या लेबलावर सरांनी मला लिहायला लावलं, 'मालक सापडला. कृतज्ञ नव्हता.'

मला ते काम आवडायचं. दुसऱ्यांच्या घाणीवर सुरेख अक्षरात लेबल लावण्यात एक सुख असतं, ते मी नाकारत नाही.

मी तेव्हा डोंबिवली पश्चिमेला राहायचे, कोपरच्या बाजूला. घरात नवरा, मी आणि सासूबाई. आमच्याकडे देव आणि मासे दोन्ही निष्ठेने सांभाळले जात. सासूबाई रोज देवांना फुलं वाहत. सुकलेली फुलं कचऱ्यात गेली तर पाप, म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत साठत. रविवारी पिशवीचं तोंड बांधून नवरा ती रेतीबंदरावर नेई आणि खाडीत सोडे. आल्यावर हात जोडी, मग मटण आणायला जाई. आमच्या चाळीतली सगळीच घरं असं करत. मी काही बोलले नाही. शाळेत लेबलं लिहिणारी बाई आणि घरात पिशवी बघणारी सून, या दोघींची गाठ मी कधी पडू दिली नाही.

नववीच्या वर्गाला सर मासा कापून दाखवत. त्यासाठी हिराजीदादा, म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, ताजी बोय पाठवून द्यायचा. एका वर्षी त्यांनी माशाचं पोट चिरलं आणि कातरीच्या टोकाने आतून एक इवलासा त्रिकोण उचलून ट्रेमध्ये ठेवला. पांढरा, एका बाजूला निळी छपाई. मग दुसरा. मग तिसरा. मी शेजारच्या खोलीत होते, वर्ग एकदम गप्प झाला म्हणून डोकावले.

"हे काय आहे?" सर मुलांना विचारत होते. कुणाला सांगता येईना. सरांनी खिशातून दुधाची रिकामी पिशवी काढली. कोपरा कापलेली. त्रिकोण तिथे नेऊन लावला, तो बरोबर बसला.

"पिशवी तुमची आई धुते, वाळवते, रद्दीवाल्याला देते. शहाणी बाई. आणि हा कोपरा? तो कुठे जातो? ज्याला माहीत आहे त्याने हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या दिवशी एक पालक तावातावाने आले. म्हणाले, "सर, मुलांना असलं काही दाखवू नका. आमचा मुलगा कालपासून घरात मासे शिवत नाही."

"दूध पितो?"

"दूध पितो की."

"मग काळजी नको. पुढच्या माशाचं पोट भरण्याची सोय होतेय."

तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत गेली. सरांना लेखी समज मिळाली. तिच्यासाठीही त्यांनी माझ्याकडून लेबल लिहून घेतलं.

त्याच वर्षी ते मला बाळकुमला घेऊन गेले. जाळं बघितल्याशिवाय लेबल लिहिणं म्हणजे नक्कल करणं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा बाळकुम गाव होतं. कौलारू घरं, दारात सुकत घातलेली जाळी, मागे तिवरांची झाडी आणि तिच्यापलीकडे खाडी. भोईरांची तिथे डोल होती. डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं; त्याचं तोंड खाडीत रोवलेल्या दोन खुंटांना बांधायचं आणि धारेला उघडं ठेवायचं. ओहोटीच्या पाण्याबरोबर मासळी आपण होऊन आत शिरते. खुंटांची जागा सरांच्या आजोबांच्या वेळेपासूनची. आळीतल्या बाकीच्यांनी एकेक करून डोली उचलल्या होत्या, कुणी कारखान्यात लागले, कुणी रिक्षा घेतली. उरली होती ती एवढीच. हिराजीदादा तिच्यावर घर चालवत होता, आणि सरांचं शिक्षणही तिच्यावरच झालं होतं.

हिराजीदादा दांडगा, कमी बोलणारा. मला बघून म्हणाला, "बस बाय," आणि होडीतली टोपली ओतायला लागला. मूठभर कोळंबी, चार निवटे, एक शिंगाळा. बाकी सगळ्या पिशव्या. निर्माल्याच्या, गाठ मारलेल्या, पाण्याने टम्म फुगलेल्या. दादाने त्या एकेक उचलल्या, कपाळाला लावल्या आणि पुन्हा खाडीत सोडल्या.

मी सरांकडे बघितलं. इतका चिडलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. आणि मग ते आपल्या बोलीत शिरले. शाळेत कधी न ऐकलेला आवाज.

"दादूस, कवा कललं तुना? सांजच्याला पुन्ना येनार हाय ती."

"देवाचा हाय ता. देवाचा जा पान्यात आयला, ता पान्यानच जायाचा. जमनीव नाय टाकाचा. आयेनी सांगलंय."

"आयेच्या वारी फुला केलीच्या पानान येत व्हती."

"मना नको शिकवू, मधू. तुजी शाला शालेन."

आई वारून वीस वर्षं झाली होती. तिच्या काळी केळीच्या पानात गुंडाळून आलेली फुलं पाण्यात सोडली की दोन दिवसांत संपत. नियम राहिला, पान गेलं. पण दादाला ते कोण सांगणार? सांगून झालं होतं, तेही बी. एस्सी. झालेल्या माणसाने.

मग सरांनी ठरवलं की दादाला पुराव्याने गप्प करायचं. ते रोज सकाळी शाळेआधी खाडीवर जायला लागले. जाळ्यातून निघालेल्या पिशव्यांवर लाल ऑइलपेंटने आकडे टाकायचे, दादाने त्या भक्तिभावाने पाण्यात सोडायच्या, आणि पुढच्या ओहोटीला कुठला आकडा परत येतो ते वहीत लिहायचं. खाडी नुसती उतरत नाही, चढतेही. रेतीबंदराहून निघालेलं एखादं डबडं मुंब्र्याला जातं, कळव्याला वळतं, बाळकुमला येतं, घोडबंदरापर्यंत उतरतं आणि भरतीबरोबर परत फिरतं. त्यातलं काही समुद्रात निसटतं, तिथून ते कुणाच्या जाळ्यात नाहीतर पोटात. पण बरंच काही नुसतं येरझारा घालत राहतं. हे सगळं सरांनी वहीत उतरवलं. महिनाभराने त्यांनी एक पिशवी दादासमोर धरली. मी तेव्हा हजर होते.

"दादूस, बघ. नऊ नंबर. सात बारी फिरून आयलीय हीच."

दादाने आकडा बघितला. पिशवी हातात घेतली. त्याचा चेहरा उजळला.

"सात बारी? म्हंजे देव फिरून फिरून आपलेच जाल्यान येतंय, मधू. कोनाचे नशिबान हाय असा?"

आणि त्याने पिशवी कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली. आठव्यांदा. परत येताना सरांनी बसचं तिकीट बोटांनी गुंडाळत गुंडाळत त्याची सुरळी केली आणि खिशात ठेवली. "हा माणूस मूर्ख असता तर बरं झालं असतं," माजिवडा आल्यावर ते एवढंच म्हणाले. दुसऱ्या सकाळी आकडे टाकायला ते पुन्हा खाडीवर होते.

शहाण्या माणसांबद्दल तर बोलायलाच नको. एका क्लबने खाडीकिनारा स्वच्छ करण्याचा कार्यक्रम केला, आमच्या शाळेची मुलं नेली. मांडव, कापडी म्हणता म्हणता प्लास्टिकचा झालेला फलक, पाहुण्यांना चकचकीत कागदात गुंडाळलेले पुष्पगुच्छ, सर्वांना चहा पातळ प्लास्टिकच्या पेल्यातून. मुलांनी तासभर कचरा गोळा केला, त्याचे ढीग भरतीच्या रेषेच्या आत रचले, फोटो निघाले. ढीग न्यायला गाडी येणार होती. त्या दिवशी पौर्णिमा होती, सरांनी ते दोनदा सांगितलं. कुणी लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर एक ओला पुष्पगुच्छ ठेवला. त्यावर प्रमुख पाहुण्यांच्या नावाची रिबीन शाबूत होती. मी लेबल लिहिलं. 'मालक सापडला. व्यग्र आहे.'

नव्वदच्या सुमारास मला वाटायला लागलं की सरांच्या लेखी मी सुधारले. झालं असं, की माझी एक पोपटी साडी होती. मोहरीरंगी काठ, नायलॉनची. धुवायला सोपी म्हणून मी ती पाचसहा वर्षं शाळेत नेसले. शेवटी ती विरली, आणि सासूबाईंनी तिच्या चिंध्या फाडून जुडी करून ठेवली. घरात कशाला ना कशाला बांधायला लागतात. एका मधल्या सुट्टीत सर एकदम म्हणाले, "गुप्ते बाई, तुमची ती पोपटी साडी हल्ली दिसत नाही."

खोलीतल्या सगळ्यांनी माना वर केल्या. भोईर सरांनी कुणाच्या साडीची चौकशी करावी?

"जुनी झाली, सर," मी म्हटलं. आणि आता ते ठरलेला प्रश्न विचारणार म्हणून मी उत्तर जुळवायला लागले. पण त्यांनी विचारलं नाही. "असं," म्हणाले आणि पेपर उघडला. त्या दिवसापासून त्यांनी मला 'कुठे' असं कधीच विचारलं नाही. बाकीच्यांचा पाणउतारा चालूच राहिला. जोशी सर मला चिडवायचे, "बाई, तुम्ही परीक्षा पास झालात." मलाही तसंच वाटे. मी त्या खोलीत जरा ताठ बसायला लागले.

गणपतींचं सांगायलाच हवं. कोळ्यांच्या आळीत एक रीत होती. अनंत चतुर्दशीला डोल उचलून घ्यायची आणि पुढचे दोनतीन दिवस लावायची नाही. देव जात असताना वाटेत जाळं आडवं धरायचं नाही, असं दादा म्हणे. सर म्हणत, त्या काळात उधाणाचं पाणी असतं म्हणून ती रीत पडली असेल. पण रीत पाळली जाई, तेवढं पुरे होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कुठल्याशा समितीपुढे सरांना बोलावणं आलं. खाडीतल्या कचऱ्याबद्दल माहिती द्या, असं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना विचारत होतं. सर हरखले. तसं त्यांनी दाखवलं नाही, पण पंचांगाला नवीन कव्हर घातलं. समितीला दाखवायला त्यांच्याकडे सगळं होतं, एक सोडून. विसर्जनाच्या रात्री खाडीत काय येतं, त्याची नोंद नव्हती. कारण त्या रात्री डोल नसे.

"एकदाच लाव, दादूस. एकच रात," ते म्हणाले. हे मला नंतर त्यांनीच सांगितलं.

दादाने नको म्हटलं. सरांनी समजावलं. मग दादाने ऐकलं. शिकलेल्या धाकट्या भावाला त्याने एकाच बाबतीत विरोध केला होता, देवाच्या पिशव्यांच्या. बाकी कशातही तो कधी नाही म्हणालेला नव्हता.

सकाळी उजाडता उजाडता दोघं होडीने गेले. उधाणाची ओहोटी जोरात चालली होती. थर्माकोलची मखरं, त्यांचे खांब, कमानी, चकचकीत कागद, पिशव्या, हार; सगळं डोलीच्या तोंडाशी येऊन गच्च बसलं होतं. पाण्याला जायला वाट नव्हती. जाळं फुगून दोन्ही खुंट वाकले होते. कोयता होडीतच होता. दोन घाव घालून दोर तोडले असते तर निदान खुंट राहिले असते. सर ओरडले, "तोर दादूस, तोर." दादाने कोयता उचलला नाही. त्यात मूर्ती होती. हातभर उंचीची, रंग न उतरलेली, मखराच्या तुकड्यात अडकलेली. दादा पाण्यात उतरला आणि हाताने एकेक वस्तू सोडवून, कपाळाला लावून पुढे सोडायला लागला. त्या धारेत. मूर्ती मोकळी झाली आणि त्याच वेळी पहिला खुंट उखडला. दादाचा डावा हात दोरात सापडून मोडला. सरांनी त्याला होडीत ओढून घेतलं तोपर्यंत दुसराही खुंट गेला होता. आजोबांनी धरलेली जागा, डोल, सगळं मखरांसकट घोडबंदराकडे वाहून गेलं. हात जोडला गेला, पण त्यात पुन्हा जाळं ओढायची ताकद आली नाही.

सर समितीपुढे गेलेच नाहीत. शाळेत आले ते आठवड्याने. जोशी सरांनी मुद्दाम, त्यांना बोलतं करावं म्हणून, केळ्याची साल खिडकीतून फेकली आणि मोठ्याने म्हणाले, "टाकली बुवा." सरांनी पेपर खाली केला नाही.

मला त्यांनी एकदाच काय ते सांगितलं. प्रयोगशाळेत, कपाटाकडे पाठ करून. "रोज सकाळी जात होतो, बाई. वर्षानुवर्षं. पिशवीवर आकडा टाकायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात तिची गाठ सोडून फुलं पाण्यात आणि पिशवी खिशात, एवढं करता आलं असतं. दादाचा नियमही मोडला नसता. मला ते सुचलं नाही. मला दादाला हरवायचं होतं." मग ते निवृत्त झाले आणि कपाट टेम्पोत घालून बाळकुमला घेऊन गेले.

मी त्यांच्याकडे गेले ती दोनेक वर्षांनी. सासूबाई वारल्या होत्या. त्यांच्या जीर्ण पोथ्या, तसबिरी, कसर लागलेली देवांची वस्त्रं उरली होती. नवरा म्हणाला, रविवारी रेतीबंदरावर सोडून येतो. मी नको म्हटलं, आणि सगळं कापडी पिशवीत भरून बाळकुमची बस पकडली. सरांना विचारावं, याचं काय करू. खरं सांगायचं तर, मी विचारायला आले हे त्यांना दिसावं, असंही होतं.

बाळकुम ओळखू येईना. आळीच्या तोंडाशी सात मजली इमारती उभ्या होत्या, कमानीवर 'क्रीक व्ह्यू' असं काहीसं लिहिलेलं. फाटकाशी खाकी कपड्यातला वॉचमन उठून उभा राहिला, उजव्या हाताने सलाम केला. डावा अंगाशी होता.

"बाय, चित्रावाली ना तू?" हिराजीदादा म्हणाला. "जा, मधू घरान हाय. मी येतंच. माझी पाली संपली."

सरांनी ओटीवर बसवलं, स्वतः चहा करायला आत गेले. कपाट ओटीवरच होतं. मी उठून बघायला लागले. माझ्या अक्षरातली लेबलं पिवळी पडली होती. चपला, ब्रश, चिंबोरीची बाटली. सगळ्यात खालच्या कप्प्यात मागे एक काचेची बरणी होती. ती मी शाळेत कधी पाहिलेली नव्हती. ती पोपटी चिंध्यांनी भरलेली होती. मोहरीरंगी काठाचे तुकडे, प्रत्येकाला मध्ये गाठीची वळी पडलेली. रंग जराही उतरला नव्हता.

लेबल माझ्या अक्षरात नव्हतं. सरांच्या गिचमिड अक्षरात होतं. वर 'पिशव्यांच्या तोंडावरून सुटलेल्या चिंध्या', खाली तिथ्यांची लांबलचक रांग, वर्षांमागून वर्षं. आणि शेवटची ओळ, 'मालक सापडला नाही.'

सर चहाचे कप घेऊन दारात उभे होते. मी बरणी मागे ठेवली नाही. ठेवून उपयोगही नव्हता.

"तुम्ही ओळखली होतीत," मी म्हटलं.

"पाच वर्षं समोर बसून बघितलेली साडी. पहिलीच गाठ आली तेव्हा ओळखली."

"मग मला विचारलं का नाहीत, सर? सगळ्यांना विचारत होतात."

त्यांनी कप ठेवले. "तुम्हाला विचारलं असतं, तर लेबलं कोणी लिहिली असती?"

हे ते चिडून बोलले नाहीत. मला आजवर कळलेलं नाही की ती माया होती, की मी त्या प्रश्नाच्याही लायकीची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मला फार लाज वाटली. इतकी वर्षं त्या खोलीत मी ताठ बसत होते, ते कशाच्या जोरावर? पोथ्यांचं त्यांनी साधं उत्तर दिलं. कागद आणि सुती कापड परसात पुरा, वर झाड लावा, काचा आणि चौकटी वेगळ्या काढा. कापडी पिशवी माझ्या हातात परत दिली.

निघताना ते माझ्याबरोबर खाडीच्या बांधापर्यंत आले. दादा आधीच पोचला होता. ओहोटी लागली होती. दोघं भाऊ चिखलात उतरले, तिवरांच्या मुळांना अडकलेल्या पिशव्या काढायला. आता ते रोजचं काम होतं. मी बांधाच्या टोकाला जाऊन मागे वळून पाहिलं. दादाने खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. सर गाठ सोडत होते, फाडत नव्हते, सोडत होते. पिशवीचं तोंड उघडून त्यांनी दादापुढे धरलं. दादाने एका हाताने फुलं काढून पाण्यात सोडली, तोच हात कपाळाला लावला आणि डोळे मिटून उभा राहिला. सर रिकामी, गळती पिशवी हातात धरून गुडघाभर चिखलात थांबले. त्याचं होईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी पिशवी झटकली, घडी घातली आणि कमरेच्या पोत्यात टाकली.

घरी आले तेव्हा नवरा कामावर होता. मी स्वयंपाकघराच्या दारामागे गेले. खिळ्याला सासूबाईंची चिंध्यांची जुडी अजून होती, आठदहा पोपटी पट्ट्या उरलेल्या. मी ती काढली आणि हातात घेऊन उभी राहिले. ठेवायची कुठे, ते मला सुचेना.